दवाखान्याच्या देवाचा रोडगा

"पयला रोडगा फोडायचा नाई, प्रयाग. कोणी कितीबी हात पसरो. पयला तिकडं न्यायचा, त्याइच्या हातावर ठेवायचा. त्याइनं घास घेतला का मंग आपलं तोंड उघडायचं. आन तिखट कशालेच लावायचं नाई. मडमेले सोसत नाई."

सासूबाई धनीबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती मडम तर त्याच्याही आधी आपल्या मुलखाला निघून गेली होती. तरी नाताळाच्या आदल्या दिवशी प्रयागबाईनं गव्हाचं जाडंभरडं पीठ परातीत ओतलं, की हा आवाज मानेमागून यायचा. प्रयागबाई मान न वळवता हळूच म्हणायची, "हो, आत्याबाई."

आसेगावातल्या एका शेतकऱ्याच्या घरात, जिथे तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचं आधणसुद्धा चढत नाही, तिथे नाताळाच्या सकाळी रोडगे का भाजतात, हे परक्या माणसाला सांगायचं तर नानाजींपासून सुरुवात करावी लागते. नानाजी म्हणजे प्रयागबाईचे यजमान. ते अंगावर पीत होते तेव्हा त्यांना डब्बा झाला. श्वास घेताना बरगडी आत जायची आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची. गावातल्या जाणत्यांनी पोटावर डागण्या दिल्या, अंगारा लावला, आणि शेवटी सगळ्यांनी माना हलवल्या. धनीबाईनं कोणालाही न विचारता पोराला लुगड्यात गुंडाळलं, बैलगाडी जुंपायला लावली आणि मिशनच्या दवाखान्याचा रस्ता धरला.

तिथली डॉक्टरीण गोरी होती, उंच होती, आणि तिचं मराठी ऐकून बाया पदराआड हसायच्या. तिनं ते पोर मांडीवर घेतलं आणि रातभर खाली ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा मोठा सण. सकाळी घंटा वाजली, दवाखान्यातली माणसं धुतलेले कपडे घालून प्रार्थनेला गेली, मग फराळाला बसली. मडमेला बोलवायला दोनदा माणूस आला. ती म्हणाली, हे लेकरू दूध पिईल तेव्हा मी खाईन.

सूर्य चांगला वर आल्यावर लेकरू प्यायलं.

अंगणात रोग्यांचे सोबती तीन दगडांच्या चुली मांडून काहीबाही शिजवत असत. धनीबाईच्या दिराने गवऱ्यांच्या इंगळात रोडगे भाजले होते. दुसरं जवळ काहीच नव्हतं. धनीबाईनं एक रोडगा झटकला, फोडला, त्यावर तूप सोडलं, गुळाचा खडा ठेवला आणि मडमेच्या हातावर दिला. मडमेनं पायरीवर उकिडवं बसून तो सगळा खाल्ला आणि बोटं चाटली. तिचा नाताळाचा फराळ तो.

धनीबाईला नवस कसा बोलायचा ते माहीत होतं. देवाचं नाव तेवढं माहीत नव्हतं. म्हणून तिनं पदर पसरला आणि नुसतं म्हटलं, "दवाखान्याच्या देवा, हे लेकरू जितं हाये तवर ह्या दिवशी पयला रोडगा तुह्या मानसाच्या हातावर. मंग आमच्या घरात घास."

आपण काही वेगळं केलं असं तिला कधी वाटलं नाही. रोग बरा झाला त्या जागेचा देव आपला उपकारकर्ता, आणि उपकारकर्त्याला रोडगा. यात विचार करण्यासारखं काय आहे? मडम गेली तेव्हा रोडगा तिच्या जागी आलेल्या डॉक्टरला गेला. दवाखाना बंद पडला तेव्हा तिथल्या आयाबाईला गेला. आयाबाई वारली तेव्हा तिची लेक रूथबाई, ती आता मंगरूळपीरला एका खोलीत एकटी राहते, तिला जाऊ लागला. धनीबाईमागं प्रयागबाई न्यायला लागली. नानाजी बहात्तर वर्षांचे होऊन खाटेवर बसून बिड्या ओढतात आणि सुनेला चिडवतात, म्हणजे नवस चालूच आहे. तो कोणी सोडवलेला नाही, आणि जोवर ते खोकत का होईना बसले आहेत, तोवर सोडवायची प्रयागबाईची छाती नाही.

पूर्वी रूथबाई प्रार्थना आटोपून बस स्टँडवर येऊन उभी राहायची. आता तिचे गुडघे गेले. यंदा आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"प्रयाग, मी चर्चमधून आली का चुलीवर काईच चढवत नाई मंग. तू येतंच न?"

"येतो, बाई. तुमी उपाशी राहू नोका पण, दोन बिस्किटं खाऊन घ्या."

"वा. आन तुह्या रोडग्याले जागा कुठी ठेवू?"

"बरं. मी येतोच."

प्रयागबाई इतक्या हलक्या आवाजात बोलते, की किराणावाला तिला दोनदा विचारतो, आणि घरचे तर विचारतच नाहीत. त्यांनी तिच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावून ठेवला आहे.

घरचे म्हणजे मुलगा हरीओम आणि सून निकिता. हरीओम यंदाच्या दिवाळीपासून परंपरा जतन मंडळाचा अध्यक्ष आहे. हे मंडळ कशासाठी निघालं ते गावाला अजून कळलेलं नाही, पण त्याचा फलक मोठा आहे आणि फलकावर हरीओमचा फोटो त्याहून मोठा आहे. तो मंडळाची सगळी कामं मोबाईलवर करतो. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातूनच त्याच्या संस्कृतीचं रक्षण सुरू होतं. तोंड धुणं त्यानंतर.

निकिताला परंपरा वेगळ्या ठिकाणी सापडल्या आहेत. ती धनजची, शेतकऱ्याचीच लेक, साधी आणि मनानं वाईट नाही. पण मोबाईलवर परदेशातल्या बायका स्वयंपाकघरं दाखवतात त्या बघता बघता तिला स्वतःच्या चुलीची लाज वाटू लागली. मागच्या वर्षी तिनं नाताळाच्या आधी सासूला समजावून सांगितलं होतं, "आई, तिकडे ना, फॅमिली ट्रॅडिशन असते. ख्रिसमसच्या सकाळी सगळे एकत्र ब्रेकफास्ट करतात. दरवर्षी तेच पदार्थ, तीच जागा. किती छान ना? आपल्याकडे असं काहीच नाही."

प्रयागबाई तेव्हा परसात रोडग्यांसाठी गवऱ्या रचत होती. तिनं "हो का" म्हटलं. निकितानं मग पॅनकेक केले, म्हणजे अंडं घालून मैद्याची जाड धिरडी, वर मध. आपल्या लहान पोरीला लाल टोपी घातली, फोटो काढले. तो फोटो हरीओमनंच हौसेनं आपल्या स्टेटसला ठेवला होता. कोणीतरी खाली काहीतरी लिहिलं, तशी घाईघाईत काढून टाकला, आणि तेव्हापासून त्याला संस्कृतीची काळजी वाटू लागली असं नानाजी म्हणतात. नानाजींची जीभ अजून शाबूत आहे.

यंदा मंडळानं ठरवलं की पंचवीस डिसेंबरला सार्वजनिक तुळशीपूजन करायचं. शिरपूरहून मंडप आला, कर्णे आले. आता तुळशीची पूजा कोणत्याही दिवशी करावी, ती काही नाही म्हणत नाही. पण ज्याला घरची तुळस फक्त गाडी मागे घेताना आरशात दिसते, आणि ज्यानं तिच्या कट्ट्याला दोनदा धडक देऊन त्याचा कोपरा उडवला, त्याला एकाएकी तिचा इतका उमाळा यावा, हे जरा नवल होतं. कार्तिकात प्रयागबाईनं तुळशीचं लग्न लावलं त्या संध्याकाळी तो क्रिकेट पाहत होता. अंतरपाट धरायला रामधनला शेजारून बोलवावं लागलं होतं.

आदल्या संध्याकाळी हरीओम ओसरीवर येऊन बसला. परातीतलं पीठ त्यानं पाहिलं.

"आई, उद्या रोडगे नोको करू."

"काहून रे?"

"उद्या पंचवीस तारीख हाये."

"मालूम हाये. म्हणून तं पीठ आनलं दळून."

"अवो, मी अध्यक्ष हाओ. उद्या सारं गाव तुळशीपूजनाले येइन, आन अध्यक्षाच्याच घरी नाताळ? लोक काय म्हनतीन?"

"नाताळ त्याइचा. आपला तं नवस हाये, बाबू."

"तेच तं. परवा कर न मंग. एक दिवस इकडं तिकडं झाला तं काय होते?"

खाटेवरून नानाजी म्हणाले, "मी बी परवाच वाचलो असतो तं चाललं असतं. मडमेले म्हना लागत होतं, बाई, आज सणाचा दिवस हाये, पोराले परवा पाह्य."

"बावा, तुमी मधात नोका बोलू."

"बरं. मी मेलो असं समज आन बोल."

हरीओमनं आवाज खाली आणला. हा त्याचा सभेतला आवाज, मंडळात बसून शिकलेला. "आई, मी रोडग्याच्या विरोधात नाही. रोडगा आपली संस्कृती आहे. पण तो कोणासाठी, हे महत्त्वाचं आहे ना? आन तुले तं मी उद्या मंचावर बसवून राह्यलो. रोज तुळशीले पाणी घालनारी बाई तुह्यासारखी गावात दुसरी कोन हाये? तुह्या हातानं पूजा. फोटो पेपरात येइन."

प्रयागबाईनं परातीवर कापड झाकलं आणि म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ 'तू आपलं बोल, मी आपलं करते' असा होता. हरीओमनं तो 'होकार' असा नोंदवला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

सकाळी थंडी मी मी म्हणत होती. प्रयागबाईनं अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला, आणि चहा न घेता परसात गेली. नाताळाच्या सकाळी तिच्या तोंडात पाण्याखेरीज काही जात नाही. गवऱ्यांची रास तिनं रचली, पेटवली, आणि धूर विरेपर्यंत कणीक तिंबत बसली. मीठ, ओवा, तेलाचं मोहन. जाळ खाली बसला, गवऱ्यांचे लाल इंगळ झाले, तसे तिनं गोळे त्यात सोडले, वरून गरम राख लोटली. रोडग्याला घाई चालत नाही. वरून करपला आणि आतून कच्चा राहिला तर तो देवालाही नको आणि माणसालाही.

तेवढ्यात मंडळाची चार माणसं ट्रॅक्टर घेऊन दारात आली. मंडपात पूजेला तुळस पाहिजे होती. सगळं जमलं होतं, कर्णे होते, फलक होता, पाहुण्यांसाठी शाली होत्या. तुळस कोणी आणली नव्हती. चौघांच्याही घरची वाळून गेली होती.

"काकू, तुमची नेतो. दुपारी आणून ठेवतो."

"न्या," प्रयागबाई म्हणाली. "कुंडी आडवी नोका करू. आन मंजुळा नोका खुडू."

त्यांनी कुंडी कट्ट्यावरून उचलली, ट्रॉलीत ठेवली, आणि पहिल्याच वळणावर ती आडवी केली. तो आवाज परसात ऐकू आला. प्रयागबाईनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात तुळशीची क्षमा मागितली. तुळशीनं काही केलं नव्हतं, पण त्या चौघांच्या वतीनं कोणीतरी मागायला हवी होती.

रोडगे झाले. एकेक काढून तिनं कापडावर झटकले, राख फुंकरली, परातीत रचले. सगळ्यात गोल, कुठे चीर न गेलेला होता तो वर ठेवला. तो रूथबाईचा. मग नानाजींना न्हाणीत नेलं, कारण त्यांचे पाय ओल्या फरशीवर थरथरतात. त्यांच्या पाठीवर पाणी घालताना ते म्हणाले, "आज माहा वाढदिवस हाये म्हना की एक परकारे." ती म्हणाली, "हो. कान धुवा आता."

नानाजींना कोरडं करून, स्वेटर घालून ती परसात आली तेव्हा परात नव्हती.

चुलीपाशी निकिता उभी होती. तिच्या हातात अर्धा रोडगा होता आणि ओठाला तूप.

"परात कुठी गेली?"

"आई, हे घेऊन गेले ना. शिऱ्याचं ज्याला सांगितलं होतं त्याचा फोनच लागेना, आणि पाहुणे तर आले. मग हे म्हणाले प्रसाद म्हणून रोडगे नेऊ. मी म्हटलं होतं, आईला विचारा." निकितानं नजर खाली केली. "ते म्हणाले, आई कधी नाही म्हणते."

खरंच होतं ते. कधी म्हटलं नव्हतं तिनं.

"वरचा एक होता," प्रयागबाई म्हणाली. "गोल."

निकितानं आपल्या हातातल्या अर्ध्याकडे पाहिलं. "हा नाही, आई. हा मधला होता. छान झालेत पण, खरंच. मी दोन खाल्ले."

प्रयागबाईनं पदर सारखा केला आणि मंडपाकडे निघाली. एकच रोडगा तर पाहिजे होता. परात मोठी होती, आणि लोक आधी भाषण करतात, मग खातात. एखादा अजून अखंड असेल.

पण परंपरा जतन मंडळानं आधी खायचं ठरवलं होतं. कारण थंडी, आणि पाहुणे उपाशी. मंडपात कागदी ताटल्या फिरत होत्या. तिच्या तुळशीची कुंडी मंचावर मधोमध ठेवली होती, एक फांदी मोडलेली, त्यावर दिव्यांची माळ गुंडाळलेली. दिवे लाल आणि हिरवे होते, लुकलुकत होते. बाजारात त्या दिवसात दुसरे कुठले मिळणार? तुळस झगमगत होती आणि तिला मुळाशी पाणी घालायचं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

परात रिकामी होती. तळाला थोडी राख आणि तुपाचे डाग.

"या आई, या," हरीओम माइकवरून म्हणाला. "बंधूंनो, ज्यांच्या हातचा हा प्रसाद आपण ग्रहण करत आहोत त्या आमच्या मातोश्री. काय चव आहे बघा. आजच्या दिवशी आपली पोरं केक खातात, लाल टोप्या घालतात. अरे, आपला रोडगा काय वाईट आहे? ही आपली परंपरा. परक्यांच्या सणाला हे आपलं उत्तर आहे."

टाळ्या वाजल्या. ज्यांच्या हातात ताटल्या होत्या त्यांनी मांडीवर थापट्या मारल्या.

पहिल्या रांगेत रामधन बसला होता, नानाजींचा जुना सोबती, अंतरपाट धरणारा. दात थोडे उरले होते, म्हणून तो रोडगा तुपात बुडवून बुडवून खात होता. त्यानं प्रयागबाईला पाहिलं आणि मनापासून आनंदानं, कान कमी ऐकतात त्यामुळे मोठ्यानं म्हणाला, "वयनी, लै वर्सापासून मनात होतं. नाताळाचा रोडगा यंदा आमाले बी भेटला."

माइक चालू होता आणि हरीओम त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ते वाक्य कर्ण्यांतून गावभर गेलं.

मंडपात चघळणं थांबलं.

"कशाचा?" मंडळाचा चिटणीस, वाशीमहून बोलावलेल्या पाहुण्यांना शाल देता देता थांबून म्हणाला.

"नाताळाचा," रामधन समजावून सांगू लागला. "नानाजी डब्ब्यातून वाचला न मिशनच्या दवाखान्यात, तवापासून. हा दवाखान्याच्या देवाचा रोडगा हाये. धनीबाई आमाले तुकडा बी नाई द्यायची. म्हने, पयला त्याइचा. भल्ली करारी बाई."

एकानं ताटली खाली ठेवली. दुसऱ्यानं तोंडातला घास गालात सरकवला आणि गिळावा की नाही या विचारात आजूबाजूला पाहिलं. पाहुणे, ज्यांनी तीन खाल्ले होते, रुमालानं मिशा पुसू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "तुपातला हाये, टाकू नोका." बायांच्या बाजूनं खसखस पिकली.

प्रयागबाईला क्षणभर वाटलं, आता हरीओमला थोडं तरी काही वाटेल. त्याचा चेहरा उतरलाही होता. पण अध्यक्ष झालेल्या माणसाचा चेहरा फार वेळ उतरलेला राहत नाही.

"बंधूंनो," त्यानं खाकरून सुरुवात केली, "प्रसाद हा प्रसाद असतो. गहू आपल्या मातीतला, गवऱ्या आपल्या गाईच्या, हात आपल्या मातेचे. मग रोडगा कोणाचा? आपला. मी आज या व्यासपीठावरून जाहीर करतो, की दरवर्षी पंचवीस डिसेंबरच्या सकाळी आपलं मंडळ सामूहिक रोडग्यांचा कार्यक्रम करील. ही आपली शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि ती आपण जतन करू."

टाळ्या पहिल्याहून मोठ्या वाजल्या. खाली ठेवलेली ताटली उचलली गेली. गालातला घास गिळला गेला. चिटणीसानं लगेच वहिवाटीच्या सुरात म्हटलं, पुढच्या वर्षी वांग्याची भाजीही ठेवू, नुसता तुपाशी जात नाही. पाहुणे म्हणाले, हे चांगलं काम आहे.

ज्या बाईच्या हातावर तो रोडगा ठेवायचा होता, तिचं नाव त्या मंडपात कोणाला माहीत नव्हतं. ती चर्चमधून येऊन, गार चुलीपुढे बसून दाराकडे पाहत असेल, हे एकीलाच माहीत होतं.

"आई, बसा ना," चिटणीसानं खुर्ची पुढे केली. "फोटो घेऊ."

"मले काम हाये," प्रयागबाई म्हणाली. त्यानं "काय?" म्हणून विचारलं, पण ती परात उचलून निघाली होती. जाताना मंचावर चढून तिनं तुळशीवरची दिव्यांची माळ सोडवली, खाली ठेवली, आणि पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं. फोटोग्राफरनं तेवढा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच आला, खाली 'तुळशीपूजन करताना मान्यवर' असं लिहिलेलं.

घरी नानाजी ओसरीवर बसून होते. पुढ्यात ताटली होती, ताटलीत तुपाचा रोडगा, अर्धवट फुटलेला.

"मंडळाचं पोट्टं देऊन गेलं," ते म्हणाले. "परसाद म्हने."

"खाल्ला नाई तुमी?"

"तुहं येणं झालं काय तिकडून?"

"नाई. गेलीच नाई अजून. सारे वाटले त्याइनं."

"मंग कसा खाऊ? मी जिता हाओ न अजून?" नानाजींनी ताटली बाजूला सरकवली. "थंडा झाला म्हणा. कुत्र्याले बी नाई टाकला, म्हटलं तू येऊ दे."

प्रयागबाईला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती पिठाच्या डब्याकडे गेली. डब्यात भरडं पीठ उरलं नव्हतं, पोळ्यांची बारीक कणीक होती. तिनं त्यात रवा मिसळला. गवऱ्या संपत आल्या होत्या, म्हणून शेजारी तुळसाबाईकडून दोन पाट्या मागून आणल्या. तुळसाबाई म्हणाली, "अवो, आत्ताच तं कर्ण्यातून आयकलं, पुढच्या वर्षी साऱ्या गावाचे होनार म्हने." प्रयागबाई म्हणाली, "होतीन. हा यंदाचा हाये."

ती पुन्हा राशीपाशी बसली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. धूर डोळ्यांत जात होता. निकिता दारात येऊन उभी राहिली.

"आई, परत करताय? आता कशाला? ते म्हणाले ना, पुढच्या वर्षीपासून मंडळच करणार."

"मंडळ करन तं करन."

"हे ना, खरंच ट्रॅडिशन आहे तुमची. मला कोणी सांगितलंच नाही कधी. याचा व्हिडिओ घेऊ का? इंगळ कसे लाल दिसताहेत."

"मागच्या वर्सी मी इथंच बसून होती," प्रयागबाई म्हणाली. "तू मले धिरडे दाखवून राह्यली होती."

मोबाईल निकितानं खाली केला खरा, पण बंद केला नाही. आवाज न करता एक फोटो घेतलाच.

इंगळांवर राख धरेपर्यंत मंडपातली भाषणं चालूच होती. पाहुण्यांचं झालं, चिटणीसाचं झालं, मग हरीओमचं पुन्हा सुरू झालं. मोजके पाच रोडगे प्रयागबाईनं बाहेर काढले. गोल नव्हते ते. बारीक कणकेचे, एका बाजूला चिरलेले. तिनं प्रत्येकाची राख पदरानं पुसली. डब्यात तुपाची वाटी आणि गुळाचा खडा ठेवला, रोडगे फडक्यात बांधले, गरम होते म्हणून वरून नानाजींचा जुना मफलर गुंडाळला.

"तुमी चहा तरी घ्या," ती नानाजींना म्हणाली. "यायले दुपार होईन."

"तू घेतला?"

"नाई."

"मंग मले काहून देतं? जाय, बस निघून जाइन."

कर्ण्यावरून हरीओम परंपरेची व्याख्या सांगत होता. वाक्य लांब होतं आणि मधेच कुठे तरी अडकलं होतं. समोरच्या रस्त्यानं गेलं असतं तर तिला थांबवून मंचावर बसवलं असतं. प्रयागबाईनं पायात चपला सरकवल्या, गाठोडं छातीशी धरलं, आणि परसाच्या फाटकातून निघून, तुरीच्या शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, कोणाला न सांगता, मंगरूळपीरच्या फाट्याकडे चालू लागली.